बाजूने येणारा समुद्र

९ डिसेंबर, बेक्विया

यॉटच्या लॉगबुकात वारा लिहायचा असतो, समुद्र कसा होता ते लिहायचं असतं, कुठलं शीड किती उघडलं ते लिहायचं असतं. भीती लिहायला तिथे रकाना नाही. म्हणून ही वेगळी वही घेतली. माझ्या बायकोला, मर्लीनला, वाटतंय, मी नातेवाइकांना नाताळची पत्रं लिहायला बसलोय.

काल बंदरात मी ऑस्बर्टच्या होडीला धडक दिली. ऑस्बर्ट आमच्याच वस्तीतला मासेमार, माझ्याहून मोठा. त्याचं एक वल्हं मोडलं, बाकी काही झालं नाही. आमची यॉट ‘कोराली’ मी नांगरावरून सोडवून धक्क्याकडे आणत होतो. शिडं बांधलेली, इंजिन अगदी मंद. समोर पाणी मोकळं. एकदम डावीकडे कर्रकन आवाज झाला आणि बघतो तर ऑस्बर्ट पाण्यातून उगवल्यासारखा माझा कठडा धरून उभा.

“झोपलायस का रे?” मी म्हणालो.

“मी? मी केव्हाचा हाका मारतोय, आल्बन. मला वाटलं गंमत करतोयस.”

मी वाद घातला नाही, भीती त्याला दिसू नये म्हणून इंजिनाकडे वळलो.

ही भीती नवीन आहे. तीस-पस्तीस वर्षं मी या कॅरिबियन बेटांमधून शिडावर फिरतोय. कोराली माझ्या थोरल्या भावानं आणि मी याच किनाऱ्यावर बांधली. वादळात डोलकाठी मोडलेली पाहिली आहे, पण तेव्हाही रात्री झोप लागायची. आता मात्र नांगर उचलायचा म्हटलं की आदली रात्र जागून काढतो. समुद्राची चाल बदलली आहे. पूर्वी लाट लांबून दिसायची, तिच्यासाठी तयार व्हायला वेळ मिळायचा. आता ती बाजूने येते, चोरासारखी, आणि दिसायच्या आत अंगावर असते.

डोळ्यांना काही झालेलं नाही. किंग्जटाउनची फेरीबोट खाडीच्या तोंडाशी असतानाच मी तिच्यावरचं नाव वाचून दाखवतो. माझा मेहुणा फिट्झरॉय माझ्याहून इतका लहान, पण त्यालाही ते जमत नाही.

११ डिसेंबर

मर्लीननं आज जेवताना काढलं, की सेंट लुसियाला आत्ताच जाऊ या. सफरीच्या पाहुण्यांना तिथल्या कॅस्ट्रीजहून घ्यायचं आहे ते नवीन वर्षात. मी म्हणालो, नाताळचे जोराचे वारे सुरू झालेत, एवढी घाई कशाला?

“माझे डोळे दुखतात,” ती म्हणाली. “तिथे एक चांगली डॉक्टर आहे म्हणे. दाखवून घेते.”

“मग तू फेरीबोटीनं जा.”

“एकटी नाही जाणार. तू चल. आणि गेलोच आहोत तर तूही दाखवून घे.”

मला नवल वाटलं. मर्लीन शिडं शिवते. सकाळीच तिला बोलता बोलता सुईत दोरा ओवताना पाहिलं होतं, सुईकडे नीट बघितलंसुद्धा नाही. पण बाईमाणूस स्वतःचं दुखणं एवढं उघड बोललं म्हणजे दुखत असणार. मी हो म्हणालो. नाही म्हणालो असतो तर मी घाबरलोय हे तिनं ओळखलं असतं.

फिट्झरॉय, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, बरोबर येणार आहे. माणूस कामाचा, पण तोंड बंद ठेवत नाही.

१३ डिसेंबर

या दोघांनी यॉटवर काय चालवलंय कळत नाही. बादल्या, दोरांची वेटोळी, सगळं उचलून आत ठेवलंय. पायऱ्यांच्या कडांना फिट्झरॉयनं पांढरा रंग फासलाय. मी विचारलं, लग्न आहे का कुणाचं?

“भावजी, परवा तुम्ही पायरी चुकलात आणि माझ्या बहिणीचा नाताळचा अख्खा काळा केक घेऊन खाली गेलात,” तो म्हणाला. “तुमचं काही नाही, पण केकचा जीव आम्हाला प्यारा आहे.”

ती पायरी कुणीतरी पुसून ओली ठेवली होती.

उद्या उजाडताच निघायचं. रेडिओवर वाऱ्याचा इशारा आहे, पण तो या दिवसांत रोजच असतो.

१४ डिसेंबर, शातोबेलेअर

बेक्विया चॅनल ओलांडला. सेंट व्हिन्सेंटच्या डोंगराच्या आडोशानं वर येऊन इथे नांगर टाकलाय.

खोटं का लिहू, आज मला उतरून जावंसं वाटलं. भर समुद्रात, जिथे उतरायला जागा नाही तिथे.

बेटाच्या टोकाबाहेर आलो आणि पहिली लाट उजव्या कुशीवर बसली. मी सुकाणूच्या चाकावर होतो. मला ती दिसलीच नाही. खांद्यावर कुणीतरी पोतं टाकावं तसा दणका बसला, तोंडात खारं पाणी आणि मी डाव्या कठड्यावर जाऊन आदळलो. फिट्झरॉयनं चाक धरलं म्हणून निभावलं. तेव्हापासून तो माझ्या उजव्या हाताला चिकटून बसला आणि त्याचं तोंड सुटलं. “मोठी येतेय भावजी. ही जाऊ दे. आता अजून एक, तिरपी. उजवीकडे मासेमाराची होडी, लांब आहे. दोन तरंगते बोये, आपल्या अलीकडे.” म्हातारीनं जपमाळ ओढावी तसं.

“मला दिसतंय,” मी म्हणालो.

“मग मी स्वतःलाच सांगतो. मला एकट्याला करमत नाही.”

मला दिसत होतं, पण त्यानं सांगितल्यावर. म्हणजे तो सांगायचा, मी मान फिरवायचो आणि तिथे खरंच लाट असायची, डोक्याएवढी, कड पांढरी झालेली. मान पुन्हा समोर केली की वाटायचं आता मागच्या बाजूला काय उभं असेल. शेवटी मी पाखरासारखी मान फिरवत राहिलो. मान आखडली. मला आयुष्यात समुद्र लागला नव्हता. आज लागला.

आडोशाला आल्यावरही सुटका नव्हती. इथले डोंगर ढगात गेलेले आणि प्रत्येक घळीतून वारा कधी येईल नेम नाही. एरवी झोत येण्याआधी पाण्यावर काळी सुरकुती धावत येताना दिसते. आज एकही सुरकुती वेळेवर दिसली नाही.

मर्लीननं भाजलेला नीरफणस आणि मासे वाढले. खाल्लं नाही. तिनं ताट झाकून ठेवलं.

१५ डिसेंबर

वारा फार. थांबलो. उद्या मोठा चॅनल. सेंट व्हिन्सेंटचं उत्तरेचं टोक सुटलं की सेंट लुसियापर्यंत मध्ये काहीच नाही, अख्खा अटलांटिक त्या फटीतून आत घुसतो.

दुपारी पडलो होतो. वर डेकवर दोघं भाऊबहीण हळू आवाजात बोलत होते.

“सांगून टाक ताई. असं किती दिवस?”

“तिथे पोचल्यावर. आत्ता सांगितलं तर तो चाकावर उभा राहणार नाही. आणि या समुद्रात ही यॉट मला एकटीला नेता येत नाही.”

“आणि ते उभे राहिले तर?”

वर मर्लीनची पावलं पुढे वाजत गेली.

फिट्झरॉयनं पुन्हा कुठेतरी भानगड केली असणार. मागच्या वर्षी कॅनोआन बेटावरच्या एका बाईवरून झालं तसं. मी विचारणार नाही. माझ्याच मागे पुरेसं आहे.

१६ डिसेंबर, सूफ्रिएर, सेंट लुसिया

पोचलो. जिवंत आहोत. आजचं आजच लिहायचं आहे.

पहाटे निघालो तेव्हा गावातून नाताळाआधीच्या ‘नऊ सकाळीं’च्या गाण्यांचा आवाज येत होता. ढोल, पोरांचा गोंधळ, आल्याच्या सरबताचा वाससुद्धा पाण्यावरून आल्यासारखा वाटला. मला त्या लोकांचा हेवा वाटला. त्यांना आज दिवसभर जमिनीवर राहायचं होतं.

टोक सुटलं आणि समुद्र उभा राहिला. मोठं शीड आम्ही आधीच आखडून लहान केलेलं होतं, तरी कोराली डावीकडे इतकी कलली की कठडा पाण्यातून जात होता. फिट्झरॉय उजवीकडे, त्याची बडबड चालू. मर्लीन पायऱ्यांच्या तोंडाशी, पट्ट्यानं बांधून घेतलेली. मी नाळेकडे, यॉटच्या पुढच्या टोकाकडे, बघत होतो. फक्त नाळेकडे. तेवढाच समुद्राचा तुकडा ओळखीचा वाटत होता, बाकी सगळीकडून काहीतरी येतंय असं वाटायचं.

मग नाळेकडचा एक दोर सुटला आणि फिट्झरॉय तो बांधायला पुढे गेला. बडबड थांबली. मला बरं वाटायला हवं होतं, पण अंगावरचं पांघरूण कुणी ओढून न्यावं तसं झालं.

आणि मर्लीननं चाक धरलं.

मला विचारलं नाही, हाक मारली नाही. दोन्ही हातांनी चाक उजवीकडे फिरवलं. नाळ वाऱ्यात गेली, शिडं फडफडायला लागली, सगळी यॉट हाडं खिळखिळी झाल्यासारखी थरथरली. मी तिचा हात झटकला. आजवर माझ्या हातातून कुणी चाक घेतलेलं नाही. मी तिला काय बोललो ते इथे लिहीत नाही.

तेवढ्यात समोरून जहाज गेलं. मालवाहू, गंजलेलं, घरांच्या अख्ख्या रांगेएवढं. इतकं जवळ, की त्याच्या डेकवर बनियन घातलेला एक माणूस बटाटे सोलत बसला होता तो मला दिसला. त्यानं मान वर केली आणि आमच्याकडे बघत राहिला, हातात सुरी तशीच. मग त्याच्या इंजिनाचा धूर आमच्या अंगावरून गेला.

“हे पावसातून आलं,” मी म्हणालो. “पावसाच्या आड होतं.”

मर्लीन कोरड्या ओठांनी म्हणाली, “पाऊस अजून आलेला नाही, आल्बन.”

फिट्झरॉय परत आला. जहाजाकडे बघत तो माझ्या उजवीकडे येऊन बसला. मी चाकाला टेकून उभा होतो, चाक धरून नाही. तेव्हा मी देवाला म्हणालो, हे माझ्याकडून काढून घे, दुसऱ्या कुणाला तरी दे.

पाऊस नंतर आला, आणि कसा आला. पूर्वेकडून पांढरी भिंत आली असं फिट्झरॉय सांगतो. मला आधी वास आला आणि उजवा कान एकदम गार पडला. मग सगळं गेलं. नाळ गेली, डोलकाठी गेली, हाताएवढ्या अंतरावरचा फिट्झरॉय गेला. कंपासाच्या काचेवरून पाणी वाहत होतं, आत काही दिसेना. वारा किंचाळत होता.

“मला काही दिसत नाही,” फिट्झरॉय ओरडला. “ताई, कुठे आहेस? मला काहीच दिसत नाही.”

“कुणालाच दिसत नाहीये,” मर्लीन म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. “आल्बन, आपण पश्चिमेला ढकलले जाऊ. बेट चुकलं तर?”

आणि मला भीती वाटली नाही.

हे मी पुन्हा वाचलं. तसंच होतं. वर जो देवाची विनवणी करत होता तोच मी, पण पावसानं सगळं झाकल्यावर भीती कुणी उचलून बाजूला ठेवावी तशी गेली. वारा उजव्या गालावर कुठे लागतोय ते कळत होतं. लाट तळव्यांना आधी कळायची, कोराली उचलायच्या आधी अंग आखडते तेव्हा. शिडाचा आवाज कोरडा झाला की वाऱ्याकडे जास्त वर गेलोय, जड झाला की खाली. मी डोळे मिटले असावेत, आठवत नाही. उघडे ठेवूनही उपयोग नव्हता.

“फिट्झ, मोठं शीड उतरव,” मी म्हणालो. “चाचपडत जा. डोलकाठीच्या मागच्या बाजूला, छातीच्या उंचीवर दोर आहे. एक हात स्वतःसाठी ठेव.”

“माझा हातच दिसत नाही भावजी.”

“दिसायची गरज नाही. आहे तिथेच आहे तो.”

तो रांगत गेला. शीड धाडकन खाली आलं. कोराली जरा सरळ झाली. मर्लीन खालून सरपटत आली आणि माझ्या कमरेला मिठी मारून बसली. मी तिला सांगत होतो, आता एक येतेय, मोठी आहे, पण जाऊ देईल. ही तिरपी. आता जरा दम घे. ती म्हणाली, तुला कसं कळतं? मी म्हणालो, तुला नाही कळत?

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग लाट बुटकी झाली, वाऱ्याला ओल्या झाडांचा आणि गंधकाचा वास आला. मी म्हणालो, आलो. पाऊस फाटला तेव्हा सेंट लुसियाचे दोन्ही पिटॉन डोंगर समोर उभे होते, हिरवे, समुद्रातून थेट ढगात गेलेले, आणि आम्ही बरोबर त्यांच्याकडे चाललो होतो.

फिट्झरॉय डेकवर बसून रडायला लागला आणि मग हसायला. “भावजी, आजपासून मी तुमची पायरीची गोष्ट कुणाला सांगणार नाही.”

पाऊस गेला, ऊन आलं, पाणी चमकायला लागलं, आणि भीती परत आली. नांगरायच्या जागी एक माणूस होडीतून दोर घ्यायला आला, त्यानं अगदी शेजारून “कॅप्टन” म्हटलं आणि मी एवढा दचकलो, की हातातला दोर पाण्यात पडला. वादळात घाबरलो नाही आणि एका होडीवाल्याला घाबरलो. याचा अर्थ मला लागत नाही.

१७ डिसेंबर

सकाळी चहा घेऊन वर बसलो. मर्लीन शेजारी येऊन बसली. समोरच्या डोंगराकडे बघत मी तिला कालचं सांगत होतो, तिला जे बोललो त्याबद्दल चुकलं असं म्हणालो. ती उत्तर देईना. मला वाटलं खाली गेली. मी हाक मारली, “मर्लीन, कुठे गेलीस?”

“इथेच आहे,” ती माझ्या कानाशी म्हणाली.

मी मान वळवली. ती तिथेच बसली होती. तिचा हात माझ्या गालाजवळ उचललेला होता, पाचही बोटं पसरलेली. चेहरा ओला होता.

“केव्हापासून इथे हात वर धरून बसलेय,” ती म्हणाली. “आल्बन, तुला बाजूचं दिसत नाही. दीड वर्ष तरी झालं असेल. समोरचं दिसतं म्हणून तुला कळत नाही.”

मी म्हणालो, मूर्खपणा आहे. मी तिला पलीकडच्या यॉटचं नाव वाचून दाखवलं, त्या यॉटच्या मागच्या फळीवरचं बंदराचं नावही.

“ते दिसतं. ऑस्बर्ट दिसला नाही. जहाज दिसलं नाही. लाटा दिसत नाहीत.”

“लाटा सगळ्यांना तशाच येतात.”

“नाही,” ती म्हणाली. “आम्हाला त्या दिसतात.”

मी उठून नाळेपाशी गेलो. जाताना पायाला काहीतरी लागलं, ते काय होतं बघितलंही नाही. तिथे उभं राहून समोर नजर लावली आणि दोन्ही हात पसरून हळूहळू पुढे आणले, बोटं हलवत, एखादा वेडा करेल तसं. हात जवळजवळ एकमेकांना लागेपर्यंत मला ते दिसले नाहीत.

समुद्राची भीती मला ओळखीची होती. ही वेगळी आहे. ही मी जिथे जाईन तिथे येणार.

१९ डिसेंबर, कॅस्ट्रीज

डॉक्टरीण तरुण आहे, सेंट लुसियाचीच. मर्लीनचे डोळे तिनं तपासलेही नाहीत. माझी वेळ आधीच ठरवलेली होती, महिन्यापूर्वीपासून.

एका यंत्रात तोंड घालून बसवलं. आतून ते मोठ्या पांढऱ्या भांड्यासारखं होतं. हातात बटण दिलं. “मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, कॅप्टन. इकडेतिकडे बारीक उजेड लुकलुकेल. दिसला की दाबायचं.”

मी मधल्या ठिपक्याकडे बघत राहिलो. अधूनमधून त्याच्या जवळच एखादा उजेड लुकलुकला, तो दाबला. मग बराच वेळ काहीच नाही. मी बटण धरून वाट बघत होतो. यंत्र आत टिकटिक करत होतं. मला वाटलं बिघडलं, किंवा अजून खरी सुरुवात व्हायची आहे. म्हणून मी विचारलं, “बाई, सुरू कधी करणार?”

ती म्हणाली, “झालं, कॅप्टन. संपलं.”

मागे खुर्चीवर मर्लीन बसली होती. तिचा श्वास मला ऐकू आला.

काचबिंदू म्हणतात याला. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडांकडून मरत येते, दुखत नाही, कळत नाही. आमच्या या बेटांवर घराघरांत आहे, डॉक्टरीण म्हणाली. माझ्या वडिलांना काही होतं का असं तिनं विचारलं. वडील शेवटी भिंतीला धरून चालायचे. आम्ही म्हणायचो, रम दारूनं केलं.

गेलेलं परत येणार नाही. थेंब रोज घालायचे, कदाचित शस्त्रक्रिया करावी लागेल, मग राहिलेलं राहील. राहील म्हणजे किती दिवस, ते तिनं सांगितलं नाही.

“आणि शिडावर जाणं?” मी विचारलं.

“जा,” ती म्हणाली. “पण चाक तुमच्या हातात नको.”

बाहेर बाजार भरलेला होता. लोक माझ्या दोन्ही बाजूंनी उगवत होते. मर्लीननं दंड धरला. मी झटकला नाही.

८ जानेवारी, बेक्विया

पाहुण्यांना दुसऱ्या एका कॅप्टनच्या स्वाधीन केलं आणि घरी आलो. मर्लीन फेब्रुवारीत कप्तानाच्या परवान्याची परीक्षा देणार आहे. फिट्झरॉय तिला येता-जाता “कॅप्टन” म्हणून सलाम ठोकतो आणि दर वेळी शिवी खातो.

परत येताना मोठ्या चॅनलमध्ये चाक मर्लीनच्या हातात होतं. मी तिच्या पाठीला पाठ टेकून बसलो होतो, मोठ्या शिडाचा दोर हातात धरून. वारा तसाच होता, आता डाव्या कुशीवर. तिच्या पाठीतून मला कळत होतं, तिचे खांदे दगडासारखे घट्ट झालेले.

“झोत येतोय,” मी म्हणालो. “थोडी खाली सोड तिला. आता धर.”

तिनं सोडली, धरली. पाणी कठड्यावरून आत आलं आणि गेलं.

काही वेळानं ती म्हणाली, “घाबरलायस?”

मी म्हणालो, “हो. फार.”

“मी पण,” ती म्हणाली. “मला वाटायचं तुला इथे कधी भीती वाटत नाही. इतकी वर्षं मी एकटीच घाबरायचे.”

पाठीमागे तिचा श्वास चालू होता, माझाही.

“मग काय करायचं?” तिनं विचारलं.

“तू कॅप्टन आहेस,” मी म्हणालो.

तिनं फिट्झरॉयला हाक मारली, की शीड अजून आखडून घे. तो पुढे गेला. मी उभा राहून, डोलकाठी हातानं शोधून, त्याला दोर देऊ लागलो.